हवामान, जलवायु आणि ऊर्जा : धोरणभाषेचा मराठी-बंगाली तौलनिक विचार

बेहाला हे कोलकात्याचे नैर्ऋत्येकडील उपनगर. हे नाव प्रथम कानी पडते तेव्हा मराठी माणसाला 'बेहाल' हा शब्द आठवतो. बंगाली माणसाला आठवते ते व्हायोलिन, कारण पोर्तुगीजांकडून आलेला 'बेहाला' हा शब्द बंगालीत त्या वाद्याचे नाव आहे. स्थलनामाची व्युत्पत्ती हा येथे आपला विषय नाही. परंतु एकच ध्वनी दोन भगिनीभाषांत दोन भिन्न जगे कशी उभी करतो, याचा हा लहानसा नमुना पुढील विवेचनास उपयोगी पडेल.

अभ्यागत प्राध्यापक म्हणून प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य सध्या याच भागात आहे. येथून उत्तरेस जवळच अलीपूर आहे. तेथील हवामान कार्यालयाचे नाव पावसाळ्यात बंगाली वृत्तपत्रांत नित्य झळकते. नैर्ऋत्येस बजबज येथे कोळशावर चालणारे साडेसातशे मेगावॅटचे वीजकेंद्र आहे. बेहालाच्या मधून जाणारा डायमंड हार्बर रस्ता दक्षिणेकडे काकद्वीपच्या वाटेला लागतो आणि पुढे मुडीगंगा ओलांडली की सागर बेट येते. हवामान, ऊर्जा आणि समुद्राने घरे गिळलेली माणसे हे तीन विषय असे एकाच रस्त्याने जोडलेले आहेत.

ऊर्जानियोजन आणि हवामानविषयक धोरण हे अर्थशास्त्रज्ञांचे व अभियंत्यांचे क्षेत्र. त्यात साहित्याच्या अभ्यासकाने का शिरावे, असा आक्षेप येणे स्वाभाविक आहे. त्याला उत्तर असे की, भारतासारख्या विकसनशील देशात धोरण नागरिकापर्यंत पोहोचते ते अनुवादाच्या रूपाने. मूळ मसुदा इंग्रजीत होतो, आणि गावात जी पाटी लागते, जो अर्ज भरावा लागतो, जी अधिसूचना वाचून दाखवली जाते ती देशी भाषेत असते. एखाद्या कवितेच्या अनुवादाची आपण जितक्या साक्षेपाने चिकित्सा करतो, तितक्या साक्षेपाने या अनुवादाची चिकित्सा कोणी करीत नाही. ते काम अंशतः करून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

१. हवा, पाणी आणि मान

इंग्रजीत क्षणोक्षणी पालटणारी हवेची स्थिती आणि दीर्घकाळाच्या सरासरीने ठरणारे प्रदेशाचे स्वरूप यांना दोन स्वतंत्र शब्द आहेत. मराठीत दोहोंस 'हवामान' हा एकच शब्द वापरला जातो. उद्या पाऊस पडेल काय हेही हवामान, आणि कोकण दमट व मराठवाडा कोरडा हेही हवामान. बंगालीने मात्र भेद राखला आहे. रोजच्या स्थितीला 'आबहाओया' आणि दीर्घकालीन स्वरूपाला 'जलवायु'.

यातील मौज अशी की, बंगालीतील हे दोन्ही शब्द मुळात एकाच अर्थाचे आहेत. 'आबहाओया' म्हणजे फारसी 'आब ओ हवा', पाणी आणि हवा. 'जलवायु' हा त्याचाच संस्कृत अवतार. समानार्थक जोडीपैकी फारसी शब्द बंगाली भाषकाने रोजच्या व्यवहाराला दिला आणि संस्कृत शब्द शास्त्राला दिला. भाषा आपल्या पर्यायी शब्दांची वाटणी कशी करते याचे हे उत्तम उदाहरण आहे.

मराठीपाशीही ही जोडी होती व आहे. एखाद्या ठिकाणचे 'हवापाणी' मानवले नाही असे आपण अजून म्हणतो. 'हवापाणी' हा 'आबहवा'चाच उलट क्रमाने बांधलेला भाऊ होय. परंतु शास्त्राच्या व शासनाच्या भाषेत मराठीने तो घेतला नाही. तिने 'हवामान' हा संकर घडवला. अरबी-फारसी मार्गाने आलेल्या 'हवा'ला संस्कृत 'मान' जोडले गेले. तापमान, पर्जन्यमान, जीवनमान यांतील हे 'मान' म्हणजे माप. अर्थात 'हवामान' म्हणजे मोजलेली हवा. या शब्दात वेधशाळा आहे, नोंदवही आहे, उपकरण आहे. भारतीय हवामान विभागाचा इतिहासही या दोन प्रांतांना जोडणारा आहे. हा विभाग १८७५ मध्ये कलकत्त्यास स्थापन झाला. त्याचे मुख्यालय १९०५ मध्ये सिमल्यास, १९२८ मध्ये पुण्यास आणि १९४४ मध्ये दिल्लीस गेले. पुणेकरांच्या बोलण्यात 'वेधशाळा' हा शब्द आजही जिवंत आहे, आणि तिच्या अंदाजांची थट्टाही.

परंतु मापाने मोल दिले तसे काही काढूनही घेतले. 'हवामान' या शब्दातून पाणी गळाले. केंद्र शासनाच्या पर्यावरण खात्याच्या नावात २०१४ मध्ये नव्या शब्दांची भर पडली, तेव्हा हिंदीत 'जलवायु परिवर्तन' आले आणि मराठीत 'हवामान बदल'. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये आपल्या खात्याचे नाव पालटले, तेव्हा मात्र तिसराच शब्दप्रयोग स्वीकारला : 'पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग'. म्हणजे दिल्लीहून येणाऱ्या मराठी पत्रात जो हवामान बदल, तोच मुंबईहून निघणाऱ्या पत्रात वातावरणीय बदल. खेड्यातील वाचकाला या दोन वेगळ्या गोष्टी वाटल्या तर दोष त्याचा नव्हे.

याहून महत्त्वाचे असे की, शेतकरी या दोहोंपैकी कोणताही शब्द आपण होऊन वापरीत नाही. तो 'पाऊसमान' बदलले असे म्हणतो. पाऊस 'अवकाळी' आला असे म्हणतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात व विदर्भात गारपिटीने रब्बीची पिके झोपवली, तेव्हा वृत्तपत्रांत पानोपानी 'अवकाळी' हाच शब्द होता. 'अवकाळी' म्हणण्यात एक गृहीत असते : पावसाला त्याचा काळ आहे, आणि तो मोडला गेला आहे. नक्षत्रांवर पेरणी बसवणाऱ्या समाजाने केलेली ही तक्रार आहे. वर्षानुवर्षे 'अवकाळी' येऊ लागला, तर तो काळच राहिला कोठे, हा प्रश्न त्या शब्दाच्या पोटात आहे. धोरणभाषेने हा शब्द वर्तमानपत्रांवर आणि पंचनाम्यांवर सोडून दिला आहे.

२. 'अपारंपरिक' या विशेषणाचे आयुष्य

तेलाच्या किमती १९७३ मध्ये भडकल्यानंतर सूर्य, वारा आणि जैविक पदार्थ यांपासून मिळणाऱ्या ऊर्जेकडे भारताचे शासकीय लक्ष गेले. १९८१ मध्ये अतिरिक्त ऊर्जास्रोतांसाठी आयोग नेमला गेला, १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जास्रोतांचा स्वतंत्र विभाग झाला आणि १९९२ मध्ये त्याचे मंत्रालय झाले. २००६ मध्ये त्या मंत्रालयाने 'अपारंपरिक' हे विशेषण टाकून 'नवीन आणि नवीकरणीय' ही विशेषणे घेतली. महाराष्ट्राने मात्र ते जपले. राज्याच्या २०२० च्या धोरणाचे नावही 'अपारंपरिक ऊर्जा निर्मिती धोरण' असेच आहे.

परंपरेचा अभ्यास करणाऱ्यांनी या शब्दापाशी थबकले पाहिजे. वाळवण घालणारे ऊन, उपणणीला लागणारा वारा, शेणाची गोवरी, सरपण, मोटेचे बैल यांवर ज्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्या गुजराण झाली, त्याच्या भाषेत ऊन आणि वारा 'अपारंपरिक' ठरले. आणि खाणीतून काढून दूरच्या भट्टीत जाळलेला कोळसा 'पारंपरिक' ठरला. येथे परंपरा कोणाची? उत्तर उघड आहे : ती खात्याची परंपरा आहे. सुंदरबनातील गोसाबा येथे १९९७ मध्ये लाकडापासून वायू करून वीज निर्माण करणारे पाचशे किलोवॅटचे केंद्र सुरू झाले. लाकूड जाळणे ही मानवाची आद्य परंपरा. कागदोपत्री ती अपारंपरिकात जमा झाली.

बंगालीत दोन देशांत दोन वाटा दिसतात. पश्चिम बंगालमध्ये 'पुनर्नवीकरणयोग्य शक्ति' ही संज्ञा चालते. बांगलादेशात 'नबायनयोग्य ज्वालानि'. मराठी 'ऊर्जा'च्या जागी पश्चिम बंगालचा बंगाली भाषक 'शक्ति' म्हणतो. दुर्गेच्या उपासकांच्या प्रदेशात त्या शब्दाला जे वलय आहे ते 'ऊर्जा'ला मराठीत नाही. 'ज्वालानि' म्हणजे जळण. तेव्हा बांगलादेशात सूर्यप्रकाश हा 'नव्याने होणारे जळण' ठरला. पंडिताला हे विसंगत वाटेल. परंतु ज्या घरात ऊर्जेचा पहिला अर्थ चूल हाच आहे, तेथे हा शब्द परका राहिला नाही. २००३ पासून बांगलादेशात घरगुती सौरसंचांची जी योजना राबवली गेली तिने चाळीस लाखांहून अधिक घरांत दिवे लावले. शब्दामुळे ती यशस्वी झाली असे कोणी म्हणणार नाही. शब्द आड आला नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

आणखी एक विशेषण भारतात लोकप्रिय आहे : 'अक्षय'. मराठी मनात ते अक्षय्य तृतीयेशी निगडित आहे. 'अक्षय' आणि 'नवीकरणीय' यांच्या अर्थांतील अंतर सागर बेटाच्या अनुभवावरून नेमके कळते. या बेटावर मुख्य वीजजाळे पोहोचलेले नव्हते, तेव्हा कमलपूर येथे १९९६ मध्ये सव्वीस किलोवॅटचे सौरवीजकेंद्र उभे राहिले. पुढे अशी आणखी केंद्रे झाली आणि सायंकाळचे काही तास घरांत, दुकानांत, दवाखान्यांत दिवे लागू लागले. भारतातील विकेंद्रित सौरवीजेचा हा आरंभीचा आणि महत्त्वाचा प्रयोग होता. नंतर मुख्य जाळे नदी ओलांडून बेटावर आले आणि या लहान केंद्रांचे महत्त्व ओसरले. सूर्य अक्षय आहे, पण विजेऱ्यांचा संच काही वर्षांनी क्षीण होतो, तावदानांवर खारी धूळ बसते, दुरुस्ती जाणणारा माणूस हाताशी लागतो आणि वसुली चालू ठेवावी लागते. 'अक्षय' या शब्दात हा माणूस नाही. 'नवीकरणीय' या शब्दात, तो कितीही रुक्ष असला तरी, कर्त्याची जागा रिकामी ठेवलेली आहे : नवीकरण कोणी करायचे? नियोजनात ही जागा भरली गेली नाही, की उद्घाटनाची पाटी शिल्लक राहते आणि दिवा जातो.

वीज जाण्यालाही दोन भाषांनी दोन नावे दिली. बंगालीने 'लोडशेडिंग' जसेच्या तसे घेतले, आणि १९७० व १९८० च्या दशकांत कलकत्त्याच्या संध्याकाळशी ते कायमचे जोडले गेले. मराठीने 'भारनियमन' घडवले. प्रतिशब्द म्हणून तो निर्दोष आहे, पण त्यात अंधार नाही. ज्याला 'नियमन' म्हटले त्याविरुद्ध भांडणे अवघड जाते.

३. बांध आणि धरण

नवीकरणीय ऊर्जेचा मराठी प्रदेशातील इतिहास सौर तावदानांपासून सुरू होत नाही. तो सह्याद्रीच्या पाण्यापासून सुरू होतो. टाटांचे खोपोलीचे जलविद्युतकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले आणि १९२२ मध्ये भिवपुरीचे. मुंबईच्या गिरण्यांना या विजेची निकड होती. तिसऱ्या योजनेसाठी पुणे जिल्ह्यात मुळा व नीला यांच्या संगमापाशी मुळशीचे धरण ठरले. पूर्वेकडे वाहणारे पाणी अडवून ते सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावरून भिऱ्याला सोडायचे, अशी ती योजना होती. भाताची खाचरे, घरे, देवळे पाण्याखाली जाणार होती. मावळातील शेतकऱ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे अग्रणी होते. बापटांना 'सेनापती' हे बिरुद याच लढ्याने दिले. सत्याग्रह अखेर मोडला, आणि भिऱ्याचे केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. राजेंद्र व्होरा यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात यास जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे.

हा सत्याग्रह चालू असतानाच, १९२२ मध्ये, रवींद्रनाथ ठाकुरांचे 'मुक्तधारा' हे नाटक प्रसिद्ध झाले. उत्तरकूटचा यंत्रराज विभूती मुक्तधारा नावाच्या झऱ्यावर बांध घालतो. शिवतराईच्या प्रजेचे पाणी राजाच्या मुठीत येते. युवराज अभिजित तो बांध फोडतो आणि त्याच प्रवाहात वाहून जातो. धनंजय बैरागी या पात्राच्या रूपाने अहिंसक असहकाराचा विचारही नाटकात आहे. तौलनिक साहित्याच्या जुन्या पद्धतीचा अभ्यासक येथे लगेच प्रभाव शोधू लागेल. तो मोह आवरावा. दोन प्रांतांत एकाच वर्षी यंत्र, पाणी आणि प्रजा यांचा प्रश्न एकीकडे सत्याग्रहाच्या आणि दुसरीकडे नाटकाच्या रूपाने उभा राहिला, हे साधर्म्य प्रभावाहून अधिक बोलके आहे.

एक भेद मात्र ध्यानात घ्यावा. रवींद्रनाथांच्या नाटकात जुलमाचे साधन आहे तो 'बांध'. मराठीत 'बांध' आणि 'धरण' हे दोन निराळे शब्द आहेत. बांध आपल्या शेताचा असतो. तो माती धरून ठेवतो, शेजाऱ्याशी भांडण लावतो, पण तो घरचा असतो. धरण दुसऱ्या कोणाचे तरी असते. बंगालीत नदीवरचे धरणही 'बांध' आणि खाऱ्या पाण्यापासून शेत राखणारा मातीचा तटही 'बांध'. भारतीय सुंदरबनात असे सुमारे साडेतीन हजार किलोमीटर लांबीचे बांध आहेत.

या शब्दाचे वजन प्रस्तुत लेखकाला वर्गात कळले. 'मुक्तधारा'वर चर्चा चालू होती. शहरातील विद्यार्थी बांध फुटण्याच्या प्रसंगाचे मुक्तीचे प्रतीक म्हणून विवरण करीत होते, आणि शिक्षकही त्यात रंगला होता. काकद्वीपकडून आलेली एक विद्यार्थिनी बराच वेळ गप्प होती. विचारल्यावर ती म्हणाली की, आमच्याकडे बांध फुटला म्हणजे शाळेच्या इमारतीत जाऊन राहावे लागते आणि पुढची दोन-तीन वर्षे शेतात मीठ असते; तेव्हा हे दृश्य वाचताना आनंद कसा व्हावा ते समजत नाही. २५ मे २००९ च्या 'आयला' चक्रीवादळात बांध फुटून सुंदरबनात जे घडले ते तिने लहानपणी पाहिले होते. तिच्या बोलण्याने नाटक खोटे ठरत नाही. परंतु प्रतीकाचा अर्थ भूगोलाने बदलतो, हे वर्गाला कळले. 'मुक्तधारा' मराठीत आणताना 'बांध' ठेवावा की 'धरण' करावे, हा प्रश्नही तेव्हापासून केवळ कोशाचा राहिला नाही.

मुळशीच्या कथेस अलीकडे एक उपसंहार जोडला गेला. मोठे जलविद्युतप्रकल्प दीर्घकाळ नवीकरणीय ऊर्जेच्या शासकीय व्याख्येबाहेर होते. पंचवीस मेगावॅटपर्यंतचेच त्यात गणले जात. मार्च २०१९ मध्ये केंद्र शासनाने मोठे प्रकल्पही नवीकरणीय मानण्याचा निर्णय केला. ज्या प्रकारच्या विजेसाठी मावळ्यांची खाचरे बुडाली, ती वीज जवळजवळ शंभर वर्षांनी एका व्याख्येने निर्मळ झाली. हवेत सोडलेल्या कर्बवायूच्या हिशेबाने हा निर्णय समर्थनीय असेल. पण तो हिशेब भिऱ्यापासून मांडायचा की मुळशीपासून, याचे उत्तर व्याख्येत नाही.

४. ग्रस्त, उद्वास्तु, लाभार्थी

मुळशी, कोयना आणि नंतरच्या धरणांनी मराठीला एक शब्द दिला : 'धरणग्रस्त', आणि त्यावरून 'प्रकल्पग्रस्त'. 'ग्रस्' म्हणजे गिळणे. ग्रहणात चंद्र ग्रस्त होतो तसे गाव धरणाने ग्रस्त होते. हा शब्द चळवळीत वाढला, मोर्च्यांच्या फलकांवर गेला, विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती' (१९९१) या कादंबरीमागे उभा राहिला. महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पांमुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. कायद्याने प्रश्न सुटला असे कोयनेच्या खोऱ्यातील कोणी म्हणणार नाही. तरी 'मी धरणग्रस्त आहे' असे म्हणणाऱ्याला कचेरीत एक ओळख मिळाली, हे खरे.

बंगालीत याच्या जवळचा शब्द 'उद्वास्तु'. वास्तूपासून उखडलेला, असा त्याचा अर्थ. मराठी 'उद्ध्वस्त'शी त्याची गल्लत करू नये. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्यांना हा शब्द लागला, आणि बेहालाच्या परिसरातही त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. मराठीत सिंधी बांधवांसाठी 'निर्वासित' रूढ झाला. 'निर्वासित' म्हटले की घालवून देणारा कोणी दिसतो. 'उद्वास्तु' म्हटले की मागे राहिलेले घर दिसते.

आता 'जलवायु उद्वास्तु' हा जोडशब्द बंगालीत ऐकू येतो. सागर बेटाजवळील लोहाचरा पाण्याखाली गेले. घोडामारा वर्षानुवर्षे आकसत आहे. तेथील अनेक कुटुंबे सागर बेटावर वसाहती करून राहिली. यांना शब्द आहे, पण कायद्यात जागा नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात निर्वासित म्हणजे छळाच्या भयाने देश सोडलेला माणूस; समुद्र छळ करीत नाही, आणि घोडामाराचा शेतकरी देश सोडीत नाही. धरणग्रस्ताला निदान धरण बांधणारा दाखवता येतो. घोडामाऱ्याच्या माणसाने बोट कोणाकडे दाखवावे? १९९२ च्या जागतिक करारात राष्ट्रांच्या सामाईक परंतु भिन्न जबाबदाऱ्यांचे तत्त्व आले. त्यात भिन्नता राष्ट्राराष्ट्रांत मोजली गेली. एका राष्ट्रातील बजबजचा दिवा आणि घोडामाऱ्याची जमीन यांतील भिन्नता तेथे मोजली गेली नाही. भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. या बेटाचे वेळापत्रक त्याहून घाईचे आहे.

धोरणभाषा या माणसांना बहुधा एकाच नावाने ओळखते : मराठीत 'लाभार्थी', बंगालीत 'उपभोक्ता'. लाभ मागणारा, उपभोगणारा. सौरदिवा मिळालेला लाभार्थी तो विझल्याची तक्रार करतो, तेव्हा त्याच्यासाठी भाषेत तयार शब्द नसतो. 'ग्रस्त' हा शब्द शासनाने दिला नव्हता. तो लोकांनी आणला, आणि शासनाला घ्यावा लागला. 'लाभार्थी' मात्र वरून खाली आला.

५. समारोप

येथवरच्या विवेचनातून नवे प्रतिशब्द सुचवण्याचा हेतू नाही. तीन गोष्टी मात्र सुचवाव्याशा वाटतात. पहिली, भारतीय भाषांतील हवामान व ऊर्जाविषयक शासकीय साहित्य हे अनुवादाभ्यासाचे रीतसर क्षेत्र मानले जावे, आणि एकाच धोरणाच्या मराठी, बंगाली, हिंदी रूपांची तुलना विद्यापीठांत व्हावी. दुसरी, 'पाऊसमान', 'अवकाळी', 'हवापाणी', 'बांध' अशा जिवंत शब्दांची प्रदेशवार नोंद व्हावी. त्यांत त्या त्या प्रदेशाचे निरीक्षण साठलेले आहे, आणि नियोजनाला त्याची गरज आहे. तिसरी, जुन्या कृती नव्या भूगोलात वाचल्या जाव्यात. शांतिनिकेतनात बसून वाचलेली 'मुक्तधारा', मुळशीच्या काठावर वाचलेली आणि काकद्वीपच्या बांधावर वाचलेली 'मुक्तधारा' ही तीन निराळी वाचने आहेत.

२० मे २०२० रोजी 'अम्फान' चक्रीवादळ कोलकात्यावरून गेले आणि शहराच्या दक्षिण भागांत अनेक घरांत कित्येक दिवस वीज नव्हती. येथील शेजारी त्या दिवसांची आठवण सांगताना 'कारेंट' हाच शब्द वापरतात. 'शक्ति' म्हणत नाहीत, 'ऊर्जा'ही नाही. पंप बंद पडल्याने गच्चीवरच्या टाकीत पाणी चढत नव्हते, हे ते आवर्जून सांगतात. हवेबरोबर पाणीही गेले, असे त्यांचे म्हणणे. 'आबहाओया' या शब्दात ती जोडी शतकानुशतके बांधलेली होती. मराठीनेही आपल्या 'हवापाण्या'कडे पुन्हा एकदा वळून पाहावे.